पोराची शाळा बदलायची का? कोकणातल्या आईबापांनी ठरवण्याआधी काय काय बघायचं

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरता भरता आमच्या वाडीत हमखास हा विषय निघतो, "काय गो, चेडवाक खयच्या शाळेत घालतलस?" आणि मग जेवढी तोंडं तेवढी मतं. त्यात मुंबईहून चाकरमानी आलेले असले की झालंच, "इथे काय शिकणार ती, सरळ इंग्लिश मीडियमला टाका". मी देवगड तालुक्यातली, मला दोन मुलं. मोठीला तिसरीत वाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून काढून इंग्लिश मीडियमला घातलं आणि दीड वर्षाने तिथूनही काढावं लागलं. धाकट्याला मात्र सगळे सांगत असतानाही हलवला नाही. या सगळ्यात जे कळलं ते सविस्तर लिहितेय, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतंच आणि दोन वाक्यात सांगून होत नाही.

माझं मत आधीच सांगते. शाळेचं नाव आणि माध्यम यावर ठरवू नका. वर्गात रोज उभी राहणारी बाई किंवा गुरुजी कोण, आणि पोर रोज कुठल्या वाटेने जाऊन येणार, या दोन गोष्टी आधी बघा. बाकीचं नंतर.

१. पहिलं काम, कारण कागदावर लिहा

खरंच लिहा, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं तरी चालेल. नवरा-बायकोने वेगवेगळं लिहा आणि मग एकमेकांचं वाचा. आम्ही हे केलं नव्हतं. केलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं की माझं कारण "शेजारच्या दोन्ही मुली पिवळ्या गाडीतून जातात आणि आपली एकटीच पाणंदीतून चालत जाते" हे होतं, आणि ह्यांचं कारण "गुरुजी बदलून गेले" हे होतं. दोन्ही कारणांचा मुलीच्या अभ्यासाशी थेट संबंध नव्हता, आणि दुसरं तर शाळा न बदलता सुटण्यासारखं होतं.

लिहिलेल्या प्रत्येक कारणासमोर एकच प्रश्न टाका, हे इथेच राहून सुटेल का? बाजूला बसणारा मुलगा चिमटे काढतो, फळ्यावरचं दिसत नाही, डबा खायला कोणी सोबत घेत नाही, हे सगळं आहे त्याच शाळेत सुटतं. पट १२ वर आलाय आणि पोराच्या इयत्तेत ते एकटंच उरलंय, हे नाही सुटणार. आणि मारहाण होत असेल किंवा वर्गासमोर पोराला घालूनपाडून बोलत असतील तर थांबून बघण्यासारखं त्यात काही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे, लेखी तक्रार करा आणि पोराला तिथून काढायची तयारी ठेवा.

२. पोराला नीट बघा

"शाळा आवडते का" असं विचारलं की पोरं "हो" म्हणतात नाहीतर खांदे उडवतात, त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास, आज बाईंनी कोणाला फळ्यावर बोलावलं, खिचडीला ओळीत तुझ्यापुढे कोण होतं, असं बारीक बारीक विचारा. उत्तरं पटापट आली तर पोर तिथे रमलंय. दोन आठवडे रोज तीच टाळाटाळ असेल तर काहीतरी आहे. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, अचानक एकाच विषयाची वही लपवायला लागलं, या खुणा सोडू नका. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या, ग्रामीण रुग्णालयात होतं ते काम.

मग वाचून घ्या. संध्याकाळी पडवीत बसवा, त्याने आधी न वाचलेलं एखादं पान द्या, घड्याळात एक मिनिट लावा, शब्द मोजा आणि तो आकडा कारणं लिहिलेल्या त्याच कॅलेंडरच्या कागदावर लिहून ठेवा. निपुण भारत नावाचा जो कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू झाला त्यात साधारण अपेक्षा अशी धरलीये की दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत आणि ९९९ पर्यंत संख्या लिहिता-वाचता याव्यात, तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंत संख्या. समजून हा शब्द महत्त्वाचा आहे. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि "काय होतं त्यात?" एवढंच विचारा, आणि मालवणीत सांगितलं तरी ते बरोबरच धरा.

हे मी इतकं ताणून सांगतेय कारण इथेच माझी चूक झाली. इंग्लिश मीडियममध्ये मोठीच्या वह्या बघून मी खूश होते, अक्षर सुंदर, प्रत्येक पानावर लाल स्टार. एकदा दिवाळीच्या सुट्टीत तिचा गावावरचा दहा ओळींचा निबंध वाचत होते, एकही चूक नाही, म्हणून सहज विचारलं की ही चौथी ओळ आहे तिचा अर्थ काय गं. ती गप्प. पाचवी ओळ, तीही गप्प. मग म्हणाली, "आई, फळ्यावर लिहिलेलं असतं, आम्ही उतरवतो". त्या ओळीत 'रिव्हर' होतं, आणि आमच्या घरामागून पऱ्या (ओढा) वाहतो त्यात ही पोर सबंध पावसाळा खेकडे पकडते. तो शब्द आणि तो पऱ्या यांचा तिच्या डोक्यात काही संबंधच नव्हता. वाडीच्या शाळेत हीच मुलगी बाईंशी वाद घालायची. इथे ती दीड वर्ष वर्गात एकही प्रश्न विचारत नव्हती, आणि घरी पण हळूहळू बोलणं कमी झालेलं, ते आम्ही "मोठी होतेय" म्हणून सोडून दिलं होतं.

इंग्लिश मीडियम वाईट असं मला म्हणायचं नाही. ज्यांच्या घरात कोणीतरी रोज अर्धा तास इंग्रजीत बोलू-वाचू शकतं, आणि शाळेतली बाई फळ्यावरून उतरवून घेत नाही तर बोलायला लावते, तिथली पोरं छान शिकतात. पण पहिल्या इयत्तांमध्ये पोर ज्या भाषेत स्वप्न बघतं त्या भाषेत वाचायला शिकलं की पाया पक्का होतो, आणि त्यावर इंग्रजी चढवता येते. मोठी आता अनुदानित मराठी शाळेत सेमी इंग्रजीला आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, आणि परत वाद घालायला लागलीये.

३. आहे त्या शाळेत एकदा तोंड उघडा

लोक ही पायरी गाळतात. गुरुजींना न विचारता थेट दाखला मागायला जातात. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर जाऊन बसा, भांडायला नको, "आमच्या मुलाचं काय कमी पडतंय आणि घरी आम्ही काय करू" असं विचारा. छोट्या शाळेतल्या शिक्षकाला तुमचं पोर जेवढं माहीत असतं तेवढं ४० जणांच्या वर्गात कोणालाच माहीत नसतं.

अडचण शिक्षक कमी असण्याची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्यायला लावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात, म्हणजे ही समिती आपलीच आहे. शिक्षण हक्क कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन असं प्रमाण दिलंय. आपल्याकडे बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक बदली घेऊन आपापल्या गावाकडे जातात आणि जागा तशीच राहते, हे दुखणं जुनं आहे. आमच्याकडे गुरुजी गेल्यावर समितीने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, दोनदा पंचायत समितीत चकरा मारल्या, आणि दोन महिन्यांनी कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरत्या, एक बाई आल्या. त्या बाई आल्या म्हणून धाकटा त्या शाळेत राहिला. चौथीपर्यंतची पोरं एकाच खोलीत बसतात, पण तो पहिलीत असताना तिसरीचे पाढे ऐकून ऐकून शिकला, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पट फारच खाली असेल तर पुढचाही विचार करा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची हालचाल सरकारने २०२३ मध्ये सुरू केली होती. तुमच्या शाळेचं पुढच्या दोन वर्षांत काय दिसतंय ते केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) सरळ विचारा, आणि वाडीत ३ ते ५ वर्षांची पोरं किती ते अंगणवाडीताईंना विचारा. अंगणवाडीत दोनच असतील तर उत्तर तुम्हाला मिळालं.

४. नवीन शाळा बघायला जाताना

अॅडमिशनच्या दिवशी, गॅदरिंगला, १५ ऑगस्टला जाऊ नका. तेव्हा सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. साध्या मंगळवारी अकरा-साडेअकराला जा.

शाळेच्या बोर्डावर ११ आकडी युडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) आहे का बघा, महाराष्ट्रातल्या शाळांचा तो २७ ने सुरू होतो. नसेल तर मान्यतेचं पत्र मागा, लाजू नका. "सीबीएसई पॅटर्न" असं लिहिलेली प्रत्येक शाळा सीबीएसईशी संलग्न असतेच असं नाही, संलग्न असेल तर तिला नंबर असतो आणि बोर्डाच्या वेबसाईटवर नाव सापडतं. विनामान्यता शाळेतून पुढे दाखला काढताना पोराचे हाल होतात.

मग ज्या इयत्तेत घालायचंय त्या वर्गातल्या कोणत्याही दोन मुलांच्या वह्या मागा. सगळ्या वह्यांत तेच वाक्य, तोच निबंध, तीच चूक असेल तर तिथे उतरवून घेणं चालतं. प्रत्येक वहीत वेगळं काहीतरी आणि मधे मधे खाडाखोड असेल तर ती चांगली खूण. तपासल्याच्या तारखा बघा.

आणि विचारा, या वर्गाच्या बाई कधीपासून इथे आहेत? मागच्या दोन वर्षांत किती जणी बदलल्या? डीएड किंवा बीएड, टीईटी आहे का? खाजगी शाळांत कमी पगारामुळे बायका टिकत नाहीत, आमच्या मोठीला दीड वर्षात चार क्लासटीचर झाल्या आणि मला ते चौथ्या बाई आल्या तेव्हा कळलं.

मुलींच्या बाथरूमला स्वतः जाऊन या. नळाला पाणी आहे का, कडी लागते का. ज्या मुली शाळेत बाथरूमला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत त्यांचं डोकं चौथ्या तासाला दुखतंच, त्यावर ट्यूशन हा उपाय नाही.

पोराची परीक्षा घेऊन किंवा तुमचा इंटरव्ह्यू घेऊन प्रवेश नाकारत असतील, डोनेशन मागत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याने दोन्हीला मनाई आहे (कलम १३). मराठी विषय मात्र कुठल्याही बोर्डाच्या शाळेत सक्तीचा आहे, तसा कायदा २०२० चा, तेव्हा "आमच्याकडे मराठी नसतं" असं कोणी अभिमानाने सांगत असेल तर त्याला हे सांगा.

५. वाट, आणि ती जुलैत चालून बघायची

ही पायरी शहरातल्या लोकांना कळत नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी हे कायद्यात का आहे ते आपल्याकडच्या पावसात समजतं. मे महिन्यात १४ किलोमीटर म्हणजे पंचवीस मिनिटं. जुलैत साकवावरून पाणी, घाटीत दरड, एसटी लेट, आणि गाडीवाला म्हणतो आज फाट्यापर्यंतच सोडतो. आमची मोठी सकाळी पावणेसातला घरातून निघायची आणि संध्याकाळी पाचला यायची, वाटेत सगळी पोरं गोळा करत गाडी फिरायची म्हणून. आठ वर्षांची पोर दप्तर न उतरवता ओट्यावर झोपायची.

त्यामुळे हे विचारा आणि लिहून ठेवा:
- घरून निघणं ते घरी येणं, एकूण किती तास? माझ्या मते चौथीपर्यंत एका बाजूला ४० मिनिटांच्या वर जाऊ नये.
- गाडीत किती पोरं बसतात? मॅजिक किंवा रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला पोरं कोंबत असतील तर त्या गाडीत नाहीच बसवायचं. गाडीत बाई मदतनीस आहे का? शाळेने परिवहन समिती केलीये का, कारण स्कूल बसच्या २०११ च्या नियमांत ती लागते.
- पाणी भरलं तर काय? चिपळूणला २२ जुलै २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, राजापुरात जवाहर चौकात आणि खारेपाटणात बाजारपेठेत पाणी नेहमीचंच. कलेक्टरांची सुट्टी सकाळी उशिरा जाहीर झाली आणि पोर वाटेत असेल तर कोण फोन करतं, पोरं कोणाच्या घरी थांबतात, हे शाळेला आणि ड्रायव्हरला दोघांनाही विचारा आणि उत्तर एकच येतं का बघा.
- वाटेत खाडी असेल तर फेरीबोट किंवा होडी बंद असलेल्या दिवशी फिरून किती किलोमीटर पडतात?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलंय, पण गाडी किती वाजता येते ते त्यात धरलेलं नाही, ते आपणच बघायचं.

६. पैशाचं

फी सांगतात ती अर्धी गोष्ट. गाडीचे १० महिन्यांचे की १२ महिन्यांचे, पुस्तकं शाळेतूनच घ्यायची का, युनिफॉर्मचे किती जोड, गॅदरिंग, सहल, आणि इंग्लिश मीडियमला घातल्यावर लागणारी ट्यूशन. समजा फी १८ हजार आणि गाडी महिन्याला १२००, म्हणजे ३० हजार झालेच, त्यावर सात-आठ हजार सहज चढतात. आणि चौथीपर्यंत नाही, दहावीपर्यंत गुणा. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं आणि दुपारचं जेवण मोफत आहे, ते सोडताना तोही खर्च मोजा.

दुसरं म्हणजे आपल्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. आंब्यावाल्याच्या हातात मेअखेर पैसे असतात, पण ज्यांचं घर मासेमारीवर चालतं त्यांची १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि फीचा पहिला हप्ता नेमका जूनमध्ये. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. तेव्हा हप्ते कधी कधी ते आधी बोलून घ्या, दिवाळीनंतर चालेल का विचारा, लेखी घ्या, प्रत्येक पैशाची पावती घ्या. फी थकली म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं केलेलं मी बघितलंय, त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

७. कधी बदलायची

जूनमध्ये, शाळा सुरू होताना. वर्षाच्या मधे फक्त मारहाण, घर बदलणं, शाळा बंद पडणं अशा कारणासाठीच.

तुमची शाळा चौथी किंवा पाचवीपर्यंतच असेल तर पोराला तशीही एकदा बदलावी लागणारच आहे. तिसरीत एकदा आणि पाचवीत परत, असं दोनदा उपटण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं का, हा विचार करा.

नवोदयचं (केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा) डोक्यात असेल तर हे नीट वाचा, कारण याने खूप जणांचं नुकसान होतं. आपल्या सिंधुदुर्गचं नवोदय सावंतवाडीजवळ सांगेलीला, रत्नागिरीवाल्यांचं राजापूर तालुक्यात पडव्याला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी पोर शहरी धरलं जातं. म्हणजे हौसेने तिसरीत शहराच्या शाळेत घातलं की ग्रामीण कोटा गेला.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब आणि वंचित घरच्या पोरांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांचंही तसंच, ते प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतात, मधेच तिसरीत त्यातून जागा मिळत नाही. आणि पोर आधीच त्या जागेवर शिकत असेल तर शाळा बदलताना ती फी-माफी नवीन शाळेत सोबत येत नाही.

८. दाखला आणि बाकी कागद

ठरलं की आधी जुन्या शाळेत जनरल रजिस्टरमधली नोंद वाचून घ्या, दाखला काढायच्या आधी. पोराचं नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात. आधार आणि जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. पोर पटावर असताना दुरुस्ती सोपी असते, एकदा शाळा सोडली की वर्षानुवर्षं खेटे. आणि पुढे जातीच्या दाखल्याला, पडताळणीला पहिल्या शाळेचीच नोंद मागतात, म्हणून प्रवेश निर्गम उतारा (त्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) शिक्क्यानिशी काढून फाईलला लावून ठेवा.

नवीन शाळेत शक्यतो जागा पक्की करूनच दाखल्याचा अर्ज द्या. अर्ज दोन प्रतीत, एकीवर तारखेसह पोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असाल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कोणी अडवून धरलं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, दोन्हीकडे लेखी.

कागदी दाखला हातात आला म्हणजे संपलं नाही. ऑनलाईन पण पोर एका शाळेतून दुसरीकडे जावं लागतं, सरल आणि युडायस या दोन्ही सरकारी नोंदींत. जुन्या शाळेने सोडलं का आणि नवीनने घेतलं का, जुलैअखेर विचारा. आमच्या मोठीचं नाव सहा महिने दोन्हीकडे नव्हतं.

९. बदलल्यावरचे पहिले महिने

पहिला महिना मार्कांबद्दल एक शब्द काढू नका. शाळा सुरू व्हायच्या आधी पोराला एकदा रिकामी शाळा दाखवून आणा, पाणी कुठे, बाथरूम कुठे, गाडी कुठे थांबणार. त्याच गाडीतल्या एखाद्या पोराला रविवारी घरी खेळायला बोलवा. जुन्या गुरुजींना आणि बाईंना भेटायला मात्र घेऊन जा, गणपतीत प्रसाद द्यायला म्हणून जा, कारण पोराच्या मनात "मी काहीतरी चुकलो म्हणून मला काढलं" असं बसलेलं असतं आणि जुन्या बाईंनी डोक्यावर हात ठेवला की ते निघून जातं. मोठीच्या बाबतीत ते आम्ही फार उशिरा केलं.

रडारड तीन-चार आठवडे चालते, ती धरून चालायची. गणपतीनंतरही रोज चालू असेल तर वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा, फोनवर नको.

आणि दिवाळीच्या सुट्टीत परत एकदा पडवीत बसवा, न वाचलेलं पान, घड्याळात एक मिनिट, मग पुस्तक मिटून "काय होतं त्यात?" मे महिन्यात लिहून ठेवलेला शब्दांचा आकडा असलेला तो कॅलेंडरचा कागद तेव्हा सापडला पाहिजे, म्हणून तो आत्ताच देवघराच्या खणात ठेवून द्या.